ज्युनियर घडवायचा कुठे? बार कौन्सिल आणि विधी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा,
तसेच राज्यातील विधी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विद्यापीठांच्या विधी अभ्यासमंडळांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विधी व्यवसाय’ या विषयावर निदान एक तरी परिसंवाद घेतला असेल. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांच्या स्लाइड्स, जेवण, प्रमाणपत्र. त्यांतल्या काहींना मीही जाऊन बसले आहे. एका ठिकाणी ‘रोबो न्यायाधीश येणार का?’ यावर पाऊण तास रंगला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे, प्रमाणपत्र प्रत्यक्षात कसे भरायचे, असे एका तरुण वकिलाने उठून विचारले तर त्याला ‘चहाच्या वेळी बोलू’ म्हणून खाली बसवले. त्याला परवा तारीख होती. हे पत्र त्याच्या बाजूने लिहिते आहे.

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामे चालवते आणि आठवड्यातून थोडा वेळ एका विधी महाविद्यालयात शिकवायला जाते. त्यामुळे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळण्याआधीचा मुलगा आणि सनद मिळाल्यानंतरचा मुलगा, दोघेही माझ्या डोळ्यांसमोर असतात. या नव्या यंत्रांनी वकिलाची भाकरी हिरावली का, हा प्रश्न मला अजून तरी लांबचा वाटतो. उलटतपास यंत्र घेत नाही, पक्षकाराची समजूत घालत नाही, साहेबांचा मूड बघून युक्तिवाद आवरता घेत नाही. यंत्राने पहिला घास घेतला तो ज्युनियरच्या कामाचा, आणि आपल्याकडे वकील घडायचा तो नेमका त्याच कामातून.

ज्युनियर काय करायचा? सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहायचा, रोजनामा (कोर्टातल्या कामकाजाची रोजची नोंद) उतरवून आणायचा, नकलेचे अर्ज द्यायचे, जुन्या दाव्याची जाडजूड फाईल वाचून तारीखवार टिपण काढायचे, नि. 5च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जाचा पहिला मसुदा करायचा आणि सीनियरच्या लाल पेनाखाली तो निम्मा खोडला जाताना बघत उभे राहायचे. काम कंटाळवाणे, पैसे जवळजवळ नाहीत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. मुलींना फाइली लावण्यापलीकडे काही द्यायचे नाही, असा रिवाज मी पुष्कळ चेंबरांत पाहिला आहे. पण ती चारशे पाने वाचतानाच त्याला कळायचे, की फेरफाराची नोंद खरेदीखताच्याही आधीची कशी काय आहे, आणि अख्खा दावा त्या एका विसंगतीवर उभा आहे. हे त्याला कोणी शिकवलेले नसायचे. वाचून वाचून डोळा तयार व्हायचा.

आज तेच टिपण दोन मिनिटांत निघते. स्कॅन केलेली फाईल टाका, तारखा रांगेत उभ्या राहतात. बहुतेक बरोबर असतात. सीनियरचा वेळ वाचतो, पक्षकाराचे कामही लवकर होते, आणि ते वाईट आहे असे म्हणण्याचा ढोंगीपणा मी करणार नाही, कारण मीही ते वापरते. फरक इतकाच, की ती विसंगती मला दिसते, कारण मी आधी अशा शेकडो फाइली हाताने उपसल्या आहेत. माझ्या ज्युनियरला तयार टिपण मिळते. ते वाचून त्याला प्रकरण समजते, पण शंका घ्यायची सवय लागत नाही.

आपल्या व्यवसायात सनदेनंतरची सक्तीची उमेदवारी नाही, हे या ठिकाणी ध्यानात घ्यायला हवे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले होते. 1999 मध्ये व्ही. सुदीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण 1973च्या दुरुस्तीनंतर तसे नियम करण्याचा अधिकारच कौन्सिलकडे राहिला नव्हता. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आली, पण ती परीक्षा आहे, उमेदवारी नव्हे. डॉक्टरांना इंटर्नशिप आहे, सीएंना आर्टिकलशिप आहे, आपल्याकडे होते ते चेंबर. बिनकागदी, बिनपगारी, सीनियरच्या मर्जीवर चालणारे. आता चेंबरमध्ये ज्युनियरची गरजच कमी झाली, तर हे एकुलते एक शिक्षणही गेले.

पैशाचेही तसेच. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढले, की ज्युनियरला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे. शिफारसच ती. तालुक्याच्या बाररूममध्ये हे परिपत्रक वाचले गेले तेव्हा जो हशा झाला, तो मी विसरलेले नाही. आता त्यात भर अशी, की महिन्याला दोन-अडीच हजारांचे सॉफ्टवेअर घेतले की टिपणे, मसुदे, सायटेशन (निवाड्यांचे संदर्भ) सगळे मिळते, असा हिशेब सीनियर उघडपणे मांडू लागले आहेत. दुसरीकडे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अट मला मान्य आहे. फक्त त्या तीन वर्षांत ही मुले नेमकी काय करणार आहेत, हे कोणी तरी सांगायला हवे. तीन वर्षे यंत्राने लिहिलेल्या पुरसिशीवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या छोट्या निवेदनांवर, सह्या केल्या, तरी अट कागदोपत्री पूर्ण होते.

प्राचार्य महोदय, आता आपल्याकडे वळते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या नियमांप्रमाणे चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. त्यांतल्या मसुदालेखनाच्या विषयात 15 मसुदे 45 गुणांना, 15 दस्त 45 गुणांना आणि तोंडी परीक्षा 10 गुणांना. या विषयाचे जर्नल कसे पूर्ण होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. मागच्या वर्षीच्या मुलाचे जर्नल आणायचे, नावे बदलायची, उतरवून काढायचे. काही जर्नले तर इतक्या पिढ्या उतरत आली आहेत, की त्यांतले पक्षकार आता हयात नसावेत. म्हणून एआयमुळे मुलांनी लिहिणे सोडले, असे कोणी म्हणाले की मला पटत नाही. लिहिणे आपण केव्हाच सोडवले होते. यंत्राने फक्त उतरवून काढण्याचे कष्ट वाचवले.

वर्गात मी एक वाद दिला होता. दोन भाऊ, सामाईक बांध, एकाने बांध फोडून दोन-तीन फूट आत नांगरले. धाकट्याच्या वतीने तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज लिहून आणा, एवढेच सांगितले. अर्ज आले ते देखणे होते. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल, भरून न येणारे नुकसान, तिन्ही मुद्दे ठळक शीर्षकांखाली, प्रत्येकाला एकेक परिच्छेद, भाषा कुठल्याही हायकोर्टात शोभेल अशी. पण गट नंबर बहुतेकांत नव्हता. चतुःसीमा एकाही अर्जात नव्हत्या. मोजणी झाली आहे का, मोजणीचा नकाशा आहे का, आज वहिवाट कोणाची आहे, धाकट्याने तलाठ्याकडे किंवा पोलिसांत काही अर्ज दिला होता का, हे विचारायलाही कोणी आले नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 7 नियम 3 स्पष्ट सांगतो, की स्थावर मिळकतीचे वर्णन ओळखता येईल असे हवे, सीमा किंवा भूमापन क्रमांक हवेत. मनाई मागायची तर कोणत्या जमिनीबाबत, हे तरी न्यायाधीशांना कळले पाहिजे ना! कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर आणि आता संगणक घेऊन बसणारा कुठलाही टंकलेखक पहिला प्रश्न चतुःसीमांचाच विचारतो. त्याला कायद्याची पदवी नाही. त्याच्याकडे कच्चा कागद येतो, मुलांकडे आपण तयार तथ्ये देतो.

दोष तिथे आहे असे मला वाटते. यंत्राला तथ्ये दिली की ते कायदा सांगते. आपले अख्खे विधी शिक्षण त्याच साच्याचे आहे. प्रश्नपत्रिकेत चार ओळींची तथ्ये द्यायची आणि कायदा लावा म्हणायचे. तथ्ये शोधून काढायची असतात, पक्षकार ती नीट सांगत नाही, कागद अर्धवट असतात, दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात, हा वकिलीचा खरा भाग आपण कधी शिकवलाच नाही. तो चेंबरवर सोडला होता.

म्हणून माझी पहिली मागणी जर्नलबाबत आहे. मुलांना तथ्ये देऊ नका, कागदांचा गठ्ठा द्या. सातबारा, आठ-अ, दोन फेरफार, एक नोटीस, तिचे पोचपावतीसह उत्तर, एक न वाचता येणारी पावती. वर्गात बसून, हाताने, त्यातून दाव्याची हकिकत लिहू द्या. मग दुसऱ्या दिवशी त्याच गठ्ठ्यावर यंत्राने केलेला मसुदा द्या आणि त्यातल्या चुका लाल पेनाने काढायला सांगा. सीनियरचे लाल पेन आता विद्यार्थ्याच्या हातात द्यायची वेळ आली आहे. तीस मसुद्यांऐवजी असे दहाच झाले तरी चालतील. आकडा नियमात बांधलेला आहे, हे मला माहीत आहे. तोंडी परीक्षेचे 10 गुणही त्याच नियमात आहेत, आणि जेव्हा लिहिलेला कागद कोणाचा हे ओळखता येत नाही तेव्हा 10 गुणांची तोंडी म्हणजे थट्टा आहे. ती निदान 40 गुणांची करा, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायला हवी. तोवर तीस मसुदे ठेवूनही वर सांगितलेली पद्धत वर्गात वापरायला नियम आडवा येत नाही.

खोट्या सायटेशनचे प्रकरण आता सर्वांच्या कानावर आहे. 2023 मध्ये न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले आणि 5,000 डॉलर दंड भरला. त्यातली गंमत अशी, की हे निवाडे खरे आहेत ना, असे त्या वकिलाने यंत्रालाच विचारले होते आणि यंत्र ‘हो’ म्हणाले होते. जून 2025 मध्ये लंडनच्या हायकोर्टापुढे आलेल्या एका प्रकरणात 45 संदर्भांपैकी 18 निवाडे अस्तित्वातच नव्हते. तिथे संशोधन पक्षकाराने स्वतः केले होते आणि वकिलाने ते तसेच पुढे ढकलले. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडेही पक्षकार आता मोबाइलमध्ये उत्तर घेऊनच पायरी चढतो.

आपल्याकडे तर ही लागण वकिलांपुरती राहिली नाही. बंगळूरच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर 2024 मधला आपलाच आदेश मागे घेतला, त्यात नसलेल्या निवाड्यांचा आधार होता. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर निर्धारण रद्द केले, कारण अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले तीन निवाडे कुठेच सापडेनात. यंत्राने दिलेले निष्कर्ष पडताळल्याशिवाय वापरू नका, असे न्यायालयाने बजावले.

पण नसलेला निवाडा पकडणे सोपे आहे. मला भीती दुसऱ्याची वाटते. माझ्याकडच्या ज्युनियरने आणलेल्या एका टिपणात निवाडा खरा होता, न्यायालय खरे, वर्ष खरे, पक्षकारांची नावे खरी. ज्या परिच्छेदाचा हवाला होता तो परिच्छेदही होता. मात्र तो होता हरलेल्या बाजूच्या युक्तिवादाचा. न्यायालयाने तो नोंदवून पुढच्याच पानावर फेटाळला होता. यंत्राने तो न्यायालयाचे मत म्हणून दिला. निवाडा उघडून पहिले पान पाहणाऱ्याला यात काही खोट दिसली नसती, दोन पाने पुढे गेले तेव्हा दिसली. समोरचा वकील तयारीचा असता तर भर कोर्टात नाचक्की झाली असती, आणि तो तयारीचा नसता तर त्याहून वाईट.

आता पडताळायची साधने फुकट आहेत, ही चांगली गोष्ट. जानेवारी 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन संग्रहात मोफत मिळतात. उच्च न्यायालयाच्या निवाड्यांना तटस्थ सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच दिलेला ओळखक्रमांक, असते. ‘बीएचसी-एएस’ म्हणजे मुंबईची अपील शाखा, ‘एयूजी’ म्हणजे औरंगाबाद खंडपीठ, ‘एनएजी’ म्हणजे नागपूर. त्या क्रमांकावरून मूळ निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात. तरी अंतिम वर्षाच्या वर्गात मी विचारले, तर हा क्रमांक वाचायचा कसा हे सांगणारे हात मोजकेच वर आले. ग्रंथालयात एआयआर या छापील निवाडेसंग्रहाचे खंड किती असावेत, याची तपासणी समिती काटेकोर मोजणी करते. त्या खंडांतले एक पान संकेतस्थळावरच्या मूळ निवाड्याशी ताडून पाहायला मुलाला कधी लावले का, हे समिती विचारत नाही.

बार कौन्सिलकडे माझी दुसरी मागणी इथे आहे. एक पानाचे, मराठीतले मार्गदर्शन काढा. बंदी नको. बंदी घातली तर सगळे चोरून वापरतील आणि सांगणार नाहीत. एवढेच लिहा, की दाखल केलेल्या प्रत्येक निवाड्याचा तटस्थ क्रमांक आणि परिच्छेद दिलेला असावा, आणि सही करणाऱ्या वकिलाने तो परिच्छेद स्वतः वाचला आहे असे सहीतच गृहीत धरले जाईल. ‘ज्युनियरने काढले होते’ हा खुलासा चालणार नाही. हे शेवटचे वाक्य माझ्यासारख्या सीनियरांसाठी आहे. चूक झाली की ज्युनियरकडे बोट दाखवायची सवय आपल्यात जुनी आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी एआयच्या वापराचे धोरण काढले, त्यात निष्कर्षाला पोहोचण्यासाठी वा निर्णयासाठी ही साधने वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. न्यायाधीशांना मर्यादा आखून मिळते, तर वकिलांना का मिळू नये?

त्याच पानावर गोपनीयतेचे चार शब्द हवेत, आणि हे मला सायटेशनपेक्षाही निकडीचे वाटते. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यातले अख्खे दोषारोपपत्र, पीडित मुलीच्या नावागावासह, शाळेच्या दाखल्यासह, कुठल्या तरी मोफत चॅटबॉटमध्ये टाकून ‘जामिनाचे मुद्दे काढ’ असे सांगणारे वकील आहेत. त्यात दुष्टपणा नाही, घाई आहे. पण ते नाव कुठल्या सर्व्हरवर गेले, किती काळ राहील, कोण वाचेल, हे त्या वकिलाला माहीत नसते. भारतीय न्याय संहितेचे कलम 72 पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा मानते. साक्ष्य अधिनियमाचे कलम 132 पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले जपण्याचे बंधन वकिलावर घालते. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांनी वकिलांना सर्रास समन्स काढण्याला वेसण घातली, आणि वकिलाचे मोबाइल-लॅपटॉप हवे असतील तर ते न्यायालयापुढेच सादर व्हावेत असे सांगितले. आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. पोलिसांना जो लॅपटॉप हात लावू द्यायचा नाही, त्यातली फाईल आपणच उचलून परक्या कंपनीला द्यायची, हे कसे काय?

आता कलम 63. त्या चहाच्या वेळेवर ढकललेल्या प्रश्नाकडे.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105ने आवश्यक केले आहे, ते मोबाइलवरही होऊ शकते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक खटल्यात एक तरी व्हिडिओ येणार. दिवाणी बाजूलाही व्हॉट्सअ‍ॅपवरचे कबुलीजबाब, कॉल रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही आहेच. आणि पक्षकार काय घेऊन येतो? झेरॉक्सच्या दुकानात काढलेला स्क्रीनशॉटचा रंगीत प्रिंट. मूळ संदेश? ‘मॅडम, फोन हँग होत होता म्हणून डिलीट केला.’ आवाजाची क्लिप मेव्हण्याला पाठवलेली असते, मेव्हण्याने परत पाठवलेली असते, मूळ फोन एक्स्चेंजमध्ये दिलेला असतो. अशा वेळी काय वाचवता येईल, फोन विमानमोडवर कधी टाकायचा, कोणाकडे न्यायचा, हे त्या पहिल्या भेटीत दहा मिनिटांत ठरते. नंतर कितीही मोठा वकील दिला तरी गेलेला पुरावा येत नाही.

या बाबतीतला महत्त्वाचा निवाडा आपल्याच मातीतला आहे. 2014च्या निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा 296 मतांनी पुढे होते. उमेदवारी अर्ज वेळेत आला की वेळ टळल्यावर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला, आणि त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 14 जुलै 2020 रोजी निकाल लागला, की प्रमाणपत्र आवश्यकच आहे, मात्र ते मिळवण्यासाठी पक्षकाराने हात-पाय मारूनही अधिकारी देत नसेल तर त्याला दोष देता येणार नाही. एका आमदारकीचा निकाल सीडीसोबतच्या एका कागदावर घासून गेला. हा निवाडा आपण पाठ करून घेतो. प्रमाणपत्र मात्र कोणी लिहून घेत नाही.

नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. ‘अ’ भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहायचे, एसएचए-256 किंवा दिलेल्या अन्य पद्धतीने. हॅश म्हणजे त्या फाईलवरून गणिताने काढलेली आकड्या-अक्षरांची ओळ, एसएचए-256ची असेल तर 64 अक्षरांची. व्हिडिओतला एक क्षण कापला, पत्रातला एक स्वल्पविराम हलवला, तरी अख्खी ओळ बदलते. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साध्या संगणकावर, विनामूल्य, वर्गातल्या वर्गात दाखवता येते. एक क्लिप द्या, हॅश काढायला लावा, तीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून पुन्हा काढायला लावा. दोन्ही ओळी वेगळ्या आलेल्या पाहून मुले जी गप्प होतात, तेवढे माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कधी झालेले नाही. मग ‘अ’ भाग भरून घ्या, आणि एका मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्यावर उलटतपास घ्यायला लावा. माझी तिसरी मागणी एवढीच आहे, आणि तिला खर्च जवळपास शून्य आहे.

‘ब’ भागाचा तज्ज्ञ तालुक्यात आणायचा कुठून, हा प्रश्न मात्र मुलांच्या आणि प्राचार्यांच्या हातातला नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्याकडून सही घेतल्याची उदाहरणे आहेत, आणि ती उलटतपासात टिकतील का याची वकिलाला धाकधूक असते. बार कौन्सिलने हा विषय उच्च न्यायालयाकडे आणि राज्य सरकारकडे लावून धरावा. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले आहेत. त्यात भविष्यातल्या तंत्रज्ञानासाठी, एआय आणि ब्लॉकचेनसाठी, 53.57 कोटी राखले आहेत. जिल्ह्याला एक मान्यताप्राप्त माणूस, ठरलेले शुल्क, ठरलेली मुदत, एवढे झाले तर ब्लॉकचेनची वाट पाहायला आम्ही तयार आहोत.

एक बाजू राहिली, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. मराठी माध्यमातून आलेली, घरात कोणी वकील नसलेली मुले या यंत्रांमुळे पहिल्यांदा इंग्रजी निवाड्याला भिडत आहेत. शंभर पानांचा निवाडा पाहून जी मुलगी पूर्वी गाइड विकत घेत असे, ती आता परिच्छेद टाकून ‘सोप्या मराठीत सांग’ म्हणते, मग मूळ वाचते, मग भांडते. हा लाभ फार मोठा आहे. कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. सहा जिल्ह्यांतले जे वकील आयुष्यभर मराठीत कैफियती लिहीत आले, त्यांना आता रिट याचिका इंग्रजीत लिहायची आहे. त्यांनाही हाच आधार आहे. साक्षी बोलून टंकित करणारी यंत्रेही येतील. फेब्रुवारी 2023 मध्ये शिवसेनेच्या प्रकरणातली सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी अशी पहिल्यांदा टंकित झाली, पण तिथे बोलणारे होते दिल्ली-मुंबईचे ज्येष्ठ वकील. आमचा साक्षीदार अहिराणीत बोलतो, मालवणीत बोलतो, मध्येच मान हलवतो. त्याने काय म्हटले हे रेकॉर्डवर नीट आले की नाही, हे तिथल्या तिथे वाचून उठून हरकत घेणारा तरुण वकील लागणार आहे.

हे सगळे दिल्लीच्या अखत्यारीतले आहे, असे उत्तर मला पूर्वी मिळालेले आहे. अधिवक्ता कायद्याचे कलम 7 विधी शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाला देते खरे, पण विद्यापीठांशी आणि राज्य बार कौन्सिलांशी सल्लामसलत करून. म्हणजे आपल्याला बोलायचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. आणि चर्चासत्रे भरवणे हे तर कलम 6 मध्ये राज्य कौन्सिलचेच काम म्हणून लिहिले आहे. पुढचे चर्चासत्र पंचतारांकित हॉटेलऐवजी एखाद्या तालुक्याच्या बाररूममध्ये, कोर्ट सुटल्यावर, दोन तास, प्रोजेक्टरऐवजी प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर घ्या. शाल-श्रीफळ नसले तरी लोक येतील.

निकाली निघालेल्या प्रकरणांवरून, नावे-गावे आणि गट नंबर बदलून, मी कागदांचे काही संच तयार केले आहेत. बांधाचा वाद, धनादेश न वटल्याचे प्रकरण, पोटगीचा अर्ज, आणि एक खोट्या सहीचे मृत्युपत्र. प्रत्येकात दोन-तीन विसंगती मुद्दाम पेरल्या आहेत. सोबत यंत्राने त्याच कागदांवर केलेले मसुदेही आहेत. ज्या महाविद्यालयाला हवे असतील त्यांना ते विनामूल्य पाठवीन. उत्तरांची यादी फक्त शिक्षकांना मिळेल, आणि तीही त्यांनी आधी स्वतः विसंगती शोधून कळवल्यावर. नवे सत्र सुरू होण्याआधी अभ्यासमंडळाची जी बैठक होईल, तिच्या विषयपत्रिकेवर मसुदालेखनाचे जर्नल हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक सभासद